पैसा हाती, लगाम प्रकल्पाकडे
फ्रीबीएसडी फाउंडेशनची पंचवीस वर्षे (२०००–२०२५)

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, बोल्डर या गावी, १५ मार्च २००० रोजी फ्रीबीएसडी फाउंडेशनची स्थापना झाली. मार्च २०२५ मध्ये संस्थेने पंचवीस वर्षे पूर्ण केली. ज्या फ्रीबीएसडी ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ती स्थापन झाली ती वयाने संस्थेपेक्षा मोठी आहे. संस्था तिची मालक नाही. प्रणालीत काय घ्यायचे, काय वगळायचे, कोणाला कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार द्यायचा, यांतले काहीही संस्था ठरवत नाही. तिच्याकडे आहेत ते पैसे, करारनामे, ट्रेडमार्क आणि मोजके कर्मचारी. एवढ्या मर्यादित अधिकारात या संस्थेने काय केले आणि ते कसे केले, त्याची ही नोंद आहे.

पूर्वपीठिका

सत्तरच्या दशकात एटी अँड टीच्या बेल लॅब्जमधून युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात आली. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी तिच्यात आपली भर घालायला सुरुवात केली. बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७८ च्या सुमारास ही भर टेपवर भरून इतर विद्यापीठांना पाठवली. तीच बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन, म्हणजे बीएसडी. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेच्या पैशातून बर्कलीत टीसीपी/आयपीवर काम झाले. १९८३ च्या ४.२बीएसडीबरोबर ते सर्वदूर गेले आणि आजच्या इंटरनेटच्या पायाचा एक दगड तिथे बसला.

अडचण परवान्याची होती. बीएसडी घ्यायची तर आधी एटी अँड टीचा युनिक्स परवाना घ्यावा लागे, आणि तो दिवसेंदिवस महाग होत होता. कीथ बॉस्टिक, माइक कॅरल्स आणि कर्क मकुसिक यांनी एटी अँड टीचा कोड एकेक करून बाजूला काढला आणि त्या जागी नवा लिहून घेण्याचे काम हाती घेतले. १९९१ मध्ये ‘नेट/२’ हे वितरण निघाले तेव्हा पूर्ण प्रणाली उभी राहायला फक्त सहा फाइली कमी पडत होत्या. विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने ती उणीव भरून काढली आणि १९९२ मध्ये साध्या घरगुती पीसीवर चालणारी ३८६बीएसडी दिली. मात्र लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या साचत गेल्या आणि नवी आवृत्ती काही येईना. त्या दुरुस्त्यांचा संच सांभाळणारे नेट विल्यम्स, रॉड ग्राइम्स आणि जॉर्डन हबर्ड यांनी मग स्वतंत्र वाट धरली. डेव्हिड ग्रीनमन यांनी फ्रीबीएसडी हे नाव सुचवले तो दिवस १९ जून १९९३. प्रकल्पाचा वाढदिवस आजही त्याच तारखेला साजरा होतो.

नव्या प्रकल्पाला सुरुवातीलाच कोर्टाची झळ लागली. युनिक्सचे हक्क असलेल्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या कंपनीने १९९२ मध्ये बीएसडीवर बेतलेली प्रणाली विकणाऱ्या बीएसडीआय या कंपनीवर दावा लावला होता आणि विद्यापीठही त्यात ओढले गेले. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे अठरा हजार फाइलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या आणि सत्तरएक फाइलींवर कंपनीच्या स्वामित्वहक्काची ओळ घालावी लागली. फ्रीबीएसडीला मात्र जुना पाया सोडून ४.४बीएसडी-लाइटवर जवळजवळ नव्याने उभे राहावे लागले. त्यासाठी १९९४ चे बहुतेक वर्ष खर्ची पडले आणि मग २.० ही आवृत्ती आली. खटल्याने सर्वांना एक गोष्ट शिकवली. कोड कितीही चोख असला, तरी त्याच्यामागे नीट कागद आणि ते कागद घेऊन उभे राहणारे कोणी नसेल, तर एका नोटिशीने वर्षभराचे काम थांबू शकते.

आश्रयदाते बदलतात

पहिल्या सात वर्षांत फ्रीबीएसडीला आधार होता तो कॅलिफोर्नियातील वॉलनट क्रीक सीडीरॉम या कंपनीचा. मोडेममधून शेकडो मेगाबाइट उतरवणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यासाठी ही कंपनी सीडी काढून विकायची. प्रकल्पाला तिने यंत्रे दिली, वेगवान इंटरनेट जोडणी दिली आणि काही प्रमुख लेखकांचा पगारही दिला. याहूची सगळी दुकानदारी त्या काळी फ्रीबीएसडीवर चालायची, त्यामुळे तिकडूनही मदत व्हायची.

हा आधार मोलाचा होता, पण तो कंपनीचा होता. २००० साली वॉलनट क्रीक बीएसडीआयमध्ये विलीन झाली. २००१ मध्ये बीएसडीआयचा सॉफ्टवेअर व्यवसाय विंड रिव्हर सिस्टिम्सने घेतला. डॉट-कॉमचा फुगा फुटलेलाच होता. जॉर्डन हबर्ड त्याच वर्षी ॲपलमध्ये गेले. कंपन्या आल्या, विकल्या गेल्या, त्यांचे अग्रक्रम बदलले. कोणाचीही नियत वाईट नव्हती, पण प्रकल्पाचे नाव, यंत्रे आणि माणसांचे पगार अशा हातांत होते जे उद्या असतील याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते.

स्थापना

जस्टिन गिब्ज हे प्रकल्पातले जुने कार्यकर्ते. १९९८ च्या ३.० आवृत्तीत आलेली डिस्क आणि टेप यंत्रणांची नवी बांधणी, म्हणजे ‘कॅम’, हे त्यांचे काम. प्रकल्पाला कायद्याच्या नजरेत कोणी वाली नाही, ही अडचण त्यांनी पुढाकार घेऊन सोडवली. जगभर पसरलेला स्वयंसेवकांचा गट करारावर सही करू शकत नाही, बँकेत खाते उघडू शकत नाही, देणगीची पावती देऊ शकत नाही आणि कोणी दावा लावला तर वकीलही नेमू शकत नाही. त्यासाठी नोंदणीकृत संस्था हवी होती.

अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली फाउंडेशन धर्मादाय संस्था म्हणून नोंदले गेले. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि ८०जी प्रमाणपत्र यांना जे स्थान आहे, साधारण तेच तिकडे या कलमाला. देणगीदाराला करसवलत मिळते. संस्थेला नफा वाटता येत नाही, आणि दरवर्षीचे विवरणपत्र कोणालाही पाहता येते. वॉलनट क्रीकपासून सुरू झालेला ‘फ्रीबीएसडी’ या ट्रेडमार्कचा प्रवासही पुढे फाउंडेशनपाशी येऊन थांबला. हे नाव कोणी कसे वापरावे, याची राखण तेव्हापासून संस्था करते. प्रकल्पाचे लाडके बोधचिन्ह असलेला तांबडा, शिंगवाला डेमन मात्र संस्थेच्या मालकीचा नाही. त्याचे हक्क कर्क मकुसिक यांच्याकडे आहेत, आणि बर्कलीचे हेच मकुसिक पुढे संस्थेच्या संचालक मंडळावर आले.

कोणाच्या हाती काय

ज्या वर्षी संस्था स्थापन झाली त्याच वर्षी प्रकल्पानेही आपली घडी बसवली. तोवर ‘कोअर टीम’ म्हणजे आपापसांत निवडलेली जाणती मंडळी होती. २००० पासून तिची निवडणूक सुरू झाली. नऊ जागा, दोन वर्षांची मुदत, आणि मतदार म्हणजे कोड थेट बदलण्याचा हक्क असलेले सक्रिय कमिटर. नव्या कमिटरला हा हक्क जुन्या कमिटरच्या शिफारशीने आणि देखरेखीखाली मिळतो. फाउंडेशनचे संचालक मंडळ यापासून पूर्णपणे वेगळे आहे. कोअर टीम फाउंडेशनला आदेश देत नाही आणि फाउंडेशन कोअर टीमला.

हे लेखी ठरवणे सोपे, पाळणे अवघड. ज्याच्याकडे पैसा तो हळूहळू दिशाही ठरवू लागतो, हे कोणत्याही सार्वजनिक कामात दिसते. कीर्तन महोत्सवाचे आयोजक मंडप, दिवे, पाणी आणि प्रवासखर्च पाहतात, निरूपण कशावर करायचे हे कीर्तनकाराला सांगत नाहीत. फाउंडेशनने पंचवीस वर्षे असाच संयम पाळला. संस्थेच्या पैशातून लिहिलेला कोड प्रणालीत घेतला जातो तेव्हा त्या नोंदीखाली ‘स्पॉन्सर्ड बाय’ अशी एक ओळ असते आणि तिथे संस्थेचे नाव येते. ती ओळ असली म्हणून परीक्षण सौम्य होत नाही. स्वयंसेवकाचा कोड ज्या नजरेखालून जातो त्याच नजरेखालून पगारी लेखकाचाही जातो. तो परत पाठवला जाऊ शकतो, आणि चुकला तर मागे घेतला जातो. पगार संस्थेचा असला, तरी कोड पास करणे प्रकल्पाच्या हाती राहते.

पहिली वर्षे: जावा आणि करपात्रता

सुरुवातीच्या काळात संस्थेकडे कार्यालय नव्हते की पगारी माणूस नव्हता. संचालकच संध्याकाळी आपापल्या घरून कारभार पाहत. त्या काळातले सर्वांत मोठे काम कोड लिहिण्याचे नव्हते, वाटाघाटीचे होते.

जावा ही भाषा तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्सच्या ताब्यात होती. फ्रीबीएसडीवर जावा चालावी एवढा कोड स्वयंसेवकांनी तयार केला होता. पण तयार, चालू स्थितीतली जावा कोणाला द्यायची तर सनचा परवाना हवा आणि त्यांच्या सुसंगतता-चाचण्यांतून पार पडलेली आवृत्ती हवी. परवान्याअभावी प्रत्येक वापरकर्त्याला सनकडून सोर्स कोड घेऊन, अटी मान्य करून, तासन्‌तास आपल्या यंत्रावर जावा बांधावी लागे. सर्व्हरवर जावा चालवणाऱ्या कंपन्या एवढ्या कारणानेही दुसरी प्रणाली घेत. फाउंडेशनने सनशी करार केला, चाचण्या पार पाडून घेतल्या आणि ‘डायब्लो’ या नावाने तयार जावा वाटायला सुरुवात केली. २००६ मध्ये जावा ५ ची तयार आवृत्तीही अशीच आली. लवकरच सनने जावाच मुक्त केली आणि या कराराची गरज संपली. पण मधल्या वर्षांत या एका कामामुळे कितीतरी सर्व्हर फ्रीबीएसडीवर टिकले. स्वयंसेवकांकडून हे कधीच झाले नसते, कारण सनला सहीसाठी समोर कोणीतरी हवे होते.

याच काळात करकायद्याने संस्थेला एक विचित्र पेच घातला. अमेरिकेत सार्वजनिक धर्मादाय संस्था म्हणून टिकायचे तर पाच वर्षांच्या सरासरीत किमान एक तृतीयांश आधार ‘लोकांकडून’ आला पाहिजे. एका देणगीदाराची रक्कम एकूण जमेच्या दोन टक्क्यांपर्यंतच यात धरली जाते, त्यावरची बाजूला पडते. म्हणजे दोन-चार मोठे दाते आणि बाकी कोणीच नाही, अशी स्थिती असेल तर संस्था पैशाने सधन आणि कायद्याने अडचणीत. २००४ च्या अखेरीस फाउंडेशनवर नेमकी ही वेळ आली. तिने जाहीर हाक दिली: रक्कम कितीही लहान असो, पण द्या. वापरकर्त्यांनी दिली, आणि संस्थेचा दर्जा टिकला. तेव्हापासून वर्षाअखेरीच्या निधिसंकलनात एकूण रकमेइतकेच महत्त्व देणगीदारांच्या संख्येला आले. दहा-वीस डॉलर देणाऱ्या विद्यार्थ्याची पावती हिशेबात खरोखरच मोलाची ठरते.

पहिली कर्मचारी

२००५ मध्ये डेब गुडकिन संस्थेत आल्या. त्या पहिल्या पगारी कर्मचारी. पुढे त्या कार्यकारी संचालक झाल्या आणि संस्थेचा चेहरा बनल्या. देणगीदार कंपन्यांशी बोलणी, संमेलनांतले टेबल, प्रवास अनुदानांचे अर्ज, विद्यापीठांतली व्याख्याने, हे सारे त्यांनी उभे केले. त्यांच्या येण्याने एक मोठा फरक पडला. संचालक तोवर फावल्या वेळात जे रेटत होते ते आता कोणाची तरी पूर्ण वेळची जबाबदारी झाली. उत्तर कधी मिळेल याची शाश्वती आली, आणि कंपन्या अशा संस्थेला पैसे द्यायला अधिक तयार होतात.

पैसा कुठे गेला

सुरुवातीला पद्धत अनुदानाची होती. कोणी काम सुचवायचे, अंदाजपत्रक द्यायचे, मंडळाने पाहून पैसे मंजूर करायचे. पुढे करारावर काम करणारे लेखक आले आणि मग पूर्ण वेळचे अभियंते. २०११ मध्ये कोन्स्तान्तिन बेलोसोव यांनी संस्थेच्या पैशावर इंटेलच्या नव्या ग्राफिक्स चिपसाठी कर्नलमधला आधार तयार केला. त्याविना त्या काळच्या नव्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडीचा पडदा नीट उजळतच नसे. २०१२ अखेरच्या ९.१ मध्ये ते काम वापरकर्त्यांच्या हाती पडले. पुढची अनेक वर्षे बेलोसोव संस्थेसाठी कर्नलच्या गाभ्यातल्या अवघड जागा सांभाळत आले. एड मास्ट यांच्याकडे तांत्रिक कामांची आखणी आली.

काही कामे किती संथ असतात याचा नमुना म्हणजे ‘व्हीनेट’. एकाच यंत्रात नेटवर्कच्या अनेक स्वतंत्र प्रती चालवायची ही सोय मार्को झेच यांनी सुरू केली. फाउंडेशन आणि नेदरलँड्समधील एनएलनेट यांनी तिला पैसे दिले. २००९ च्या ८.० मध्ये ती प्रायोगिक म्हणून आली आणि नेहमीच्या कर्नलचा भाग झाली ती २०१८ च्या १२.० मध्ये. कोणत्याही कंपनीच्या तिमाही ताळेबंदात बसणार नाही असा हा कालावधी.

केंब्रिज विद्यापीठात रॉबर्ट वॉटसन आणि सहकाऱ्यांनी रचलेली ‘कॅप्सिकम’ ही सुरक्षायोजनाही अशीच. एखाद्या प्रोग्रॅमला लागेल तेवढाच अधिकार द्यायचा, त्यापलीकडे काहीच नाही, म्हणजे तो फुटला तरी नुकसान मर्यादित राहते, ही तिची कल्पना. संशोधननिबंध छापून झाल्यावर अशा कल्पना बहुधा फडताळात जातात. गूगल आणि फाउंडेशन यांनी मिळून पैसे घातले, पावेल याकुब दाविदेक यांनी ती रोजच्या साधनांत उतरवली, आणि २०१४ च्या १०.० पासून कॅप्सिकम मुळातच चालू स्थितीत मिळू लागली.

नव्या यंत्रांशी जुळवून घेणे हा खर्चाचा आणखी एक मोठा भाग. २०१४ च्या १०.१ मध्ये नव्या पीसींची यूईएफआय ही सुरू होण्याची पद्धत आली. ६४-बिट आर्म प्रोसेसरसाठीचे काम अँड्र्यू टर्नर यांच्याकडे सोपवताना संस्थेने चिप बनवणाऱ्या कॅव्हियम कंपनीला सोबत घेतले. २०१६ च्या ११.० मध्ये ते पहिल्यांदा दिसले आणि २०२१ च्या १३.० मध्ये आर्मला इंटेल-एएमडीच्या बरोबरीचा, पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला. साठवणुकीच्या बाजूला, झेडएफएस या फाइल प्रणालीतल्या आधीच्या डिस्कसंचात एक जादा डिस्क घालता यावी ही लहान वापरकर्त्यांची जुनी मागणी होती. मॅथ्यू अहरेन्स यांच्या त्या कामाला संस्थेने पैसे दिले आणि अनेक वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, ओपनझेडएफएस २.३ मधून ते बाहेर आले. त्याचा फायदा फ्रीबीएसडीपुरता राहिला नाही, लिनक्सवर झेडएफएस वापरणाऱ्यांनाही तो आपसूक मिळाला.

नोव्हेंबर २०१२ मधील घुसखोरी

११ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रकल्पाच्या दोन यंत्रांत घुसखोरी झाल्याचे लक्षात आले. एका विकासकाची एसएसएच किल्ली चोरीला गेली होती आणि तिच्या बळावर चोर आत आला होता. प्रणालीतल्या दोषाचा त्यात संबंध नव्हता. मूळ कोडला धक्का लागला नव्हता, पण तयार पॅकेजे बांधणारी यंत्रे विश्वासाची राहिली नाहीत. प्रकल्पाने आठवडाभरात सारे जाहीर केले आणि पॅकेजांची बांधणी नव्याने उभी करायचे ठरवले. ९.१ ही आवृत्ती त्यामुळे पॅकेजांविनाच निघाली.

हा प्रसंग संस्थेच्या खर्चाचा कल दाखवतो. सर्व्हर विकत घेणे, रॅकमध्ये बसवणे, बिघडलेल्या डिस्क बदलणे आणि बांधणीच्या साखळीची प्रत्येक कडी तपासणे यात कोणाला नाव मिळत नाही. पण ते थांबले तर सगळेच थांबते. आवृत्त्या वेळेवर काढण्याचे काम दीर्घकाळ संस्थेच्या पगारी माणसाने केले. सोर्स कोडचे भांडार २००८ मध्ये सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर आणि २०२० अखेरीस गिटवर नेले गेले. या दुसऱ्या स्थलांतरात संस्थेच्या अभियंत्यांनी स्वयंसेवकांच्या खांद्याला खांदा लावून काम केले.

दहा लाख डॉलर

१७ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक यान कूम यांनी फाउंडेशनला दहा लाख डॉलर दिल्याचे जाहीर झाले. तोवरची ही सर्वांत मोठी एकरकमी देणगी. कूम यांनी त्यामागचे कारण स्वतः सांगितले होते. नव्वदच्या दशकात, हातात फारसा पैसा नसताना, सरकारी घरात राहत असताना ते फ्रीबीएसडी शिकले. याहू ती वापरत असे म्हणून त्यांना तिथे नोकरी लागली, आणि पुढे व्हॉट्सॲपचे सर्व्हरही तिच्यावरच उभे राहिले. महाराष्ट्रात घरोघरी नातेवाइकांचे ग्रुप तयार होऊ लागले त्या पहिल्या वर्षांत ‘शुभ सकाळ’चा प्रत्येक निरोप फ्रीबीएसडीच्या यंत्रांतूनच जात होता, आणि पाठवणाऱ्याला तिचे नाव कधी ऐकूही आले नव्हते.

अशा नकळत वापरणाऱ्यांची यादी लांब आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवर बेतलेली. ज्युनिपरचे राउटर, नेटॲपची साठवणूक, ॲपलच्या प्रणालींतला मोठा भाग, सर्वांनी या घराण्याकडून घेतले. नेटफ्लिक्स चित्रपट पुरवणारे आपले सर्व्हर जगभरच्या इंटरनेट कंपन्यांच्या जागेत ठेवते. त्यांवर फ्रीबीएसडी चालते, आणि २०२१ मध्ये अशा एका सर्व्हरवरून सेकंदाला ४०० गिगाबिटपर्यंत पुरवठा करून दाखवला गेला. ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट नेटफ्लिक्सवर पाहणाऱ्यापर्यंत तो याच मार्गाने पोहोचला.

पण बीएसडी परवाना घेणाऱ्यावर परतफेडीची सक्ती करत नाही. कोड घ्या, बदला, विका, बदल लपवलेत तरी चालेल, फक्त स्वामित्वहक्काची ओळ राहू द्या. म्हणून कंपन्या या प्रणालीकडे वळतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडून आपोआप काही परत येत नाही. नेटफ्लिक्ससारखी कंपनी आपले बदल परत देते, कारण ते स्वतःकडे सांभाळत बसणे अधिक महाग पडते. इतरांना हे समजावून सांगणे हे फाउंडेशनचे नित्याचे काम झाले आहे. सक्तीचा कायदा हाती नसल्यामुळे ते पटवूनच करावे लागते.

माणसे जोडण्याचा खर्च

जानेवारी २०१४ मध्ये संस्थेने ‘फ्रीबीएसडी जर्नल’ हे द्वैमासिक सुरू केले. पहिली वर्षे ते वर्गणी घेऊन मिळे, २०१९ पासून विनामूल्य केले. अंतर्गत रचना, नव्या सोयी आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे अनुभव त्यात येतात, आणि लेखक बहुतेक प्रत्यक्ष काम करणारे.

संमेलने हा दुसरा धागा. ओटावाची बीएसडीकॅन, युरोपात दरवर्षी गाव बदलणारी युरोबीएसडीकॉन आणि आशियातली एशियाबीएसडीकॉन यांना संस्था मदत करते. ज्यांना तिकिटाचा खर्च झेपत नाही त्यांना प्रवास अनुदान देते. वर्षभर एकमेकांचा कोड तपासणारी माणसे समोरासमोर बसली की महिनोन्‌महिने अडलेला वाद दुपारच्या जेवणात सुटतो, हा सर्वांचा अनुभव. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे विद्यार्थी उमेदवारीच्या सत्रात संस्थेच्या अभियंत्यांबरोबर काम करू लागले, तेही याच खर्चातून.

अलीकडची वर्षे

२०२४ हे वर्ष संस्थेच्या इतिहासात ठळक राहील. क्वांटम लीप रिसर्च या कंपनीच्या साथीने संस्थेने लॅपटॉपसाठी साडेसात लाख डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. वाय-फाय, ध्वनी, झोपलेला लॅपटॉप नीट जागा होणे, बॅटरी टिकणे, या साऱ्या तक्रारी जुन्या होत्या. सर्व्हरवर नावाजलेली प्रणाली तिच्या स्वतःच्या लेखकांच्या लॅपटॉपवर नीट चालत नव्हती, हे फ्रीबीएसडीच्या मंडळींना वर्षानुवर्षे टोचत होते. ब्योर्न झीब यांचे वाय-फायवरचे काम संस्थेच्या पैशावर आधीपासून चालू होते. त्यालाही आता वेग आला.

त्याच वर्षी जर्मनीच्या सरकारी सॉव्हरिन टेक फंडने ६ लाख ८६ हजार ४०० युरोचे काम संस्थेकडे सोपवले. बांधणीची साखळी अधिक विश्वासार्ह करणे, स्वयंचलित चाचण्या आणि जुन्या अर्धवट कामांचा निपटारा यांसाठी तो पैसा होता. तयार आवृत्ती विशेष अधिकारांशिवाय बांधता यावी, आणि कोणीही पुन्हा बांधली तर बिट-न्‌-बिट तीच निघावी, हे त्यातले मोठे उद्दिष्ट. २०१२ च्या घुसखोरीनंतर जो प्रश्न राहिला होता, तयार फाइल खरोखर याच कोडपासून बनली का, त्याचे उत्तर आता कोणालाही स्वतः तपासून घेता येऊ लागले. याच वर्षी अल्फा-ओमेगा या उपक्रमाच्या पैशातून संस्थेने सिनॅक्टिव्ह या सुरक्षा कंपनीकडून बीहाइव्ह (आभासी यंत्रे चालवणारी सोय) आणि कॅप्सिकम यांचे परीक्षण करवून घेतले आणि सापडलेले दोष दुरुस्त झाल्यावर अहवाल सर्वांसमोर ठेवला.

एखाद्या देशाचे सरकार परदेशातल्या मुक्त प्रणालीच्या देखभालीवर पैसे खर्च करते, कारण आपल्या पायाभूत यंत्रणा तिच्यावर उभ्या आहेत हे त्याला उमगले आहे. स्थापनेच्या वेळी हे कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

यापुढे

युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. बाजारात येणाऱ्या डिजिटल वस्तूंच्या सुरक्षेची जबाबदारी तो उत्पादकांवर टाकतो. मुक्त सॉफ्टवेअरची दीर्घकाळ सांभाळणी करणाऱ्या संस्थांसाठी त्यात वेगळा, तुलनेने हलका वर्गही आहे. दोष कळवण्याची रीत, सुरक्षेचे लेखी धोरण आणि शासकीय यंत्रणांशी बोलणी ही कामे अशा संस्थांकडे येतील. फाउंडेशनसारख्या संस्थांना आता नियामकांच्या टेबलावरही बसावे लागणार.

त्याचा अर्थ कर्मचारी वाढतील, जबाबदाऱ्या वाढतील आणि सोबत सत्ता एकवटण्याचा मोहही वाढेल. पंचवीस वर्षांपूर्वी संस्थेसमोर प्रश्न होता पैसे कुठून आणायचे. पुढच्या काळात प्रश्न असेल मोठा पैसा आणि मोठी जबाबदारी हाती असताना तांत्रिक निर्णय प्रकल्पाकडेच कसे राहतील. त्याची दोन उत्तरे संस्थेच्या रचनेतच आहेत. कोअर टीमची निवडणूक कमिटर करतात, संस्था नाही. आणि संस्थेचा धर्मादाय दर्जा टिकवायला मूठभर मोठ्या दात्यांबरोबर हजारो लहान दातेही लागतात. ही दोन्ही कलमे जोवर पाळली जातील, तोवर पैसा वाढला म्हणून प्रकल्पाला मालक मिळणार नाही.